आगमनकाळातला पाव: चार शनिवार, एकच कणीक

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ, जवळ आला की ‘यंदा प्रार्थनापूर्वक बेकिंग करायचं’ असं ठरवणाऱ्या बऱ्याच जणी माझ्या ओळखीत आहेत. दुसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेकींची गत एकच होते. ओट्यावर बायबल उघडं, मोबाइलवर गीतं चालू, एक हात पिठात आणि दुसऱ्या हाताने पुढची पायरी शोधणं चाललेलं. पाव बसतो, प्रार्थना राहून जाते आणि ‘आपल्याला नाही जमत’ हे मनाला लागून राहतं. जमत नाही असं काही नसतं. क्रम चुकलेला असतो.

मीही तो चुकवलेला आहे. पहिल्या वर्षी स्तोत्र म्हणत म्हणत पीठ मोजलं. मन स्तोत्रात होतं, छान वाटत होतं, आणि मीठ घालायचं राहिलं. कणीक हाताला चिकटत राहिली, भराभर फुगली, भाजल्यावर फिकट राहिली आणि चवीला नुसता भुसा. त्या दिवसापासून एक नियम केला तो आजपर्यंत मोडलेला नाही: मोजताना प्रार्थना नाही, प्रार्थनेच्या वेळी मोजणं नाही. पाव करताना हाताला काम कमी आणि थांबणं जास्त असतं. प्रार्थनेची जागा त्या थांबण्यात आहे. खाली जे काही सांगितलं आहे ते याच नियमावर उभं आहे.

## तयारी १: दिवस आणि वेळ ठरवा

आगमनकाळाचा पहिला रविवार दर वर्षी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. २०२६ मध्ये चार रविवार येतात ते २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबरला. कॅलेंडरवर रविवारावर खूण करा, पण भाजायचं मात्र आदल्या शनिवारी.

इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. रविवारचा पाव रविवारीच व्हावा असं वाटतं, म्हणून पहाटे कणीक मळली जाते आणि मग मिस्सा किंवा उपासना गाठायची म्हणून ती तशीच टाकून जावं लागतं. चर्चमध्ये डोकं घड्याळाकडे, आणि परत येईपर्यंत कणीक फुगून खाली बसलेली. शनिवारी भाजलेला पाव रविवारी शिळा लागत नाही. उलट या पावाची चव दुसऱ्या दिवशी जास्त मुरते.

माझं वेळापत्रक असं असतं. शुक्रवारी रात्री साडेनऊला विरजण, म्हणजे पीठ, पाणी आणि चिमूटभर यीस्ट कालवून रात्रभर ठेवायचं मिश्रण. शनिवारी सहाला कणीक कालवायची, सव्वासहा-साडेसहाच्या सुमाराला मळायची, आठच्या आत आकार द्यायचा, पावणेनऊला ओव्हन, साडेनऊच्या आत पाव बाहेर. शाळा-ऑफिस असलेल्या घरातही शनिवारची ही वेळ बहुधा मोकळी मिळते. नसेल तर सगळं दुपारी सरकवा. पण विरजण ते पाव हा क्रम मधे तोडू नका.

ज्या वर्षी नाताळ सोमवारी येतो, जसा २०२३ मध्ये आला होता आणि २०२८ मध्ये येईल, त्या वर्षी चौथा रविवार म्हणजेच २४ डिसेंबर असतो. तेव्हा चौथा पाव २३ तारखेला भाजला जातो. घरात करंज्या आणि शंकरपाळ्यांची धांदल असते, तळणाची कढई चढलेली असते. त्या वर्षी फराळ २२ तारखेपर्यंत उरकून घ्या. कढई आणि कणीक एका ओट्यावर नांदत नाहीत.

## तयारी २: सामान

एकच कणीक चारही आठवडे. दर आठवड्याला नवा प्रकार करायचा मोह होतो, तो आवरा. प्रकार बदलला की सगळं लक्ष पाककृतीत जातं. तीच कणीक तिसऱ्यांदा मळताना हातांना वाट ठाऊक झालेली असते, मग मन मोकळं होतं.

शुक्रवारी रात्री:
- गव्हाचं पीठ १५० ग्रॅम
- पाणी १५० ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट दोन बोटांत मावेल तेवढी एक चिमूट

शनिवारी सकाळी:
- मैदा ३५० ग्रॅम
- पाणी १८० ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट ३ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा
- मीठ १० ग्रॅम
- किसलेला गूळ १५ ग्रॅम
- तेल किंवा मऊ लोणी २० ग्रॅम

याचा साधारण ९ बाय ५ इंची टिनात एक पाव होतो. एकच करायचा.

वाटीने मोजू नका. पीठ दाबून भरलं की मोकळं भरलं यावर वाटीत वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक सहज पडतो. वजनकाटा नसेल तर कोणाकडून तरी आणा, नाहीतर किराणा दुकानातून नेमकं ३५० ग्रॅम मैदा आणि १५० ग्रॅम पीठ मोजून बांधून घ्या.

चक्कीवरून आणलेलं आपलं पीठ पाणी जास्त पितं. परदेशात राहणाऱ्यांनी तिथलं गव्हाचं पीठ वापरलं तर सकाळच्या पाण्यातलं २० ग्रॅम बाजूला ठेवावं आणि लागलं तरच घालावं. मैद्याच्या जागी तिथलं पावासाठीचं पीठ घ्या, केकचं नको.

तपासणी: यीस्टच्या पाकिटावरची तारीख बघा. ते उघडून सहा महिने झाले असतील तर अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि थोडं यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. वर फेस आला नाही तर नवं आणा.

## तयारी ३: एक ओळ निवडा, एकच

प्रार्थनेच्या तयारीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे फार काही घेऊन बसणं. स्तोत्र, चिंतनाचं पुस्तक, गीतं, नोंदवही, सगळं एकदम. दोन्ही हात पिठात असताना पान कोण उलटणार? आठवड्याला शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, एक ओळ घ्या, एवढी छोटी की डोळे मिटून आठवेल.

मी या चार घेते. पहिल्या आठवड्यात मार्क १३:३७ मधलं ‘जागृत राहा’. दुसऱ्यात यशया ४०:३, परमेश्वराचा मार्ग सिद्ध करा. तिसऱ्यात फिलिप्पैकरांस पत्र ४:५ मधलं ‘प्रभू समीप आहे’. चौथ्यात लूक १:३८, देवदूताला मरियेने दिलेला होकार, आणि त्यातला एकच शब्द: ‘होवो’. तुमच्या चर्चमध्ये त्या रविवारी जे वाचन असेल त्यातली ओळ घेतलीत तर अधिक चांगलं. फक्त ती शुक्रवारीच ठरवा. शनिवारी सकाळी बायबल चाळत बसू नका.

ओळ एका कागदावर ठळक लिहा आणि ओट्यावर भिंतीला डोळ्यांसमोर चिकटवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ पुरतं. गजर हवाच असेल तर साधं टायमर घ्या.

## टप्पा १: शुक्रवारची रात्र, विरजण

पीठ, पाणी आणि चिमूटभर यीस्ट एका खोल भांड्यात चमच्याने कालवा. भज्यांच्या पिठाहून दाट होतं. गुठळ्या मोडा, कडा खरवडून घ्या, झाकण ठेवा. काम पाच मिनिटांचं.

दह्याला विरजण लावतो तसंच हे असल्याने मी त्याला विरजणच म्हणते. मत्तय १३:३३ मधल्या दाखल्यातली स्त्री खमीर पिठात मिसळते असं न म्हणता शास्त्र म्हणतं की तिने ते लपवून ठेवलं. तो शब्द मला या टप्प्यावर फार उपयोगी पडतो. झाकण ठेवल्यावर ते उघडून बघायचं नाही. आपलं काम संपलं.

त्यानंतर ओट्यावरचा मोठा दिवा मालवून तिथेच दहा मिनिटं बसा. दिवस सकाळपासून मनात आणा: कुठे कृपा झाली, कुठे आपण चुकलो, कुणाशी बोलायचं राहिलं. नोंद नको, ठराव नको. मग झोपा.

इशारा: रात्रीच्या तापमानाप्रमाणे यीस्ट कमी-जास्त करा. डिसेंबरात पुण्यात, नगरला पहाटे चांगलीच थंडी पडते. तिथे आठ-नऊ तास लागतात. वसई, मुंबई, गोव्यात स्वयंपाकघर उबदार असतं, तिथे त्याच चिमटीतली अर्धी घ्या आणि पाणी माठातलं वापरा. परदेशात घर रात्रभर तापवलेलं असेल तर तीही उबदार जागाच धरा.

तपासणी, सकाळी: वर बुडबुडे, मधोमध किंचित खळगा, वास ताकासारखा आंबूस. वास दारूसारखा उग्र येत असेल आणि वर पाणी सुटलं असेल तर विरजण पुढे गेलं आहे. तरी वापरा, फक्त पुढची फुगण्याची वेळ पंधरा-वीस मिनिटांनी कमी धरा. काहीच बुडबुडे नसतील तर भांडं कोमट पाण्याच्या परातीत तासभर ठेवा.

## टप्पा २: मोजणं

हा टप्पा पूर्ण शांत आणि पूर्ण व्यवहारी. ओळ म्हणायची नाही, गीत गुणगुणायचं नाही. मैदा, यीस्ट, गूळ, पाणी, मीठ आणि तेल वेगवेगळ्या वाट्यांत मोजून डावीकडून उजवीकडे ओळीने मांडा. जे घातलं ती वाटी रिकामी करून उजव्या टोकाला पालथी घाला. मिठाची वाटी शेवटची. मळायला घेण्याआधी सगळ्या वाट्या पालथ्या दिसल्या पाहिजेत.

काही जणींना हे कोरडं वाटतं. ‘प्रत्येक वस्तू उचलताना आभार मानू नयेत का?’ असं मला एकीने विचारलं होतं. मानावेत, पण सगळं मोजून झाल्यावर. वाट्या मांडून झाल्या की दोन्ही हात ओट्यावर टेकवा आणि वाट्यांच्या त्या रांगेकडे एकदा नीट बघा: गव्हाचं शेत, मिठागर, उसाचा मळा. एक श्वास पुरतो. नीट मोजणं हाही आदरच आहे, पिठाचा आणि ज्याने ते दिलं त्याचा.

## टप्पा ३: कालवणं आणि वीस मिनिटांचा थांबा

मोठ्या परातीत विरजण, पाणी आणि गूळ एकत्र करा. मैदा आणि यीस्ट घाला. कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हाताने कालवा. मीठ आणि तेल अजून नाही. ओबडधोबड गोळा होतो, तसाच राहू द्या. वर ओला पंचा टाका.

आता वीस मिनिटं काहीही करायचं नाही. पाणी पिठात मुरतं आणि कणीक आपली आपण जुळायला लागते. हा थांबा गाळला तर पुढे दुप्पट मळावं लागतं.

आगमनाची मेणबत्ती आता लावा, पहिल्या आठवड्यात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. ओव्हन आणि पंचा यांच्यापासून लांब, जेवणाच्या टेबलावर. खुर्चीत पाठ सरळ ठेवून बसा. आठवड्याची ओळ मनात एकदा म्हणा आणि सोडून द्या. मन भटकलं की पुन्हा एकदा. भटकणारच. पहिल्या शनिवारी माझ्या मनात गॅसचं बुकिंग, मुलाची फी आणि कुणाचं तरी बोलणं याशिवाय काही नसतं. त्याच्याशी भांडू नका, ओळीवर परत या.

इशारा: या वीस मिनिटांत भांडी घासायला उठू नका. ती पुढच्या, मोठ्या थांब्यात घासायची आहेत.

## टप्पा ४: मळणं

मीठ आणि तेल घाला, वाट्या पालथ्या घाला. आधी दोन मिनिटं नुसतं मीठ जिरवा. कणीक फाटल्यासारखी, निसरडी होते, घाबरू नका.

पोळ्या करणाऱ्या हातांची नेहमीची चूक इथे होते. कणीक चिकटली की हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो. तो डबा ओट्यावर ठेवूच नका. ही कणीक पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल, पुरणपोळीच्या कणकेच्या जवळची हवी. चिकटत असेल तर हाताला पाण्याचा किंवा तेलाचा ठिपका लावा. कोरडं पीठ वाढवलं तर पाव दगड होतो.

तळहाताच्या मुळाने पुढे ढकला, बोटांनी मागे ओढून दुमडा, गोळा चौथाई वळण फिरवा. पुन्हा तेच, दहा मिनिटं.

आता शब्द घ्या. मी ‘मारानाथा’ घेते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी आलेला हा अरामी शब्द, अर्थ ‘आमच्या प्रभो, ये’. बेनेडिक्टाइन साधू जॉन मेन यांनी ध्यानासाठी हाच शब्द शिकवला, चारही अक्षरं सारख्या वजनाने म्हणायची. कणकेला तो नेमका बसतो. ‘मा-रा’वर ढकला, ‘ना-था’वर दुमडा. ओठ हलवायची गरज नाही. तीन-चार मिनिटांत हात आणि शब्द एका चालीत येतात. खांद्यातला ताण कणकेत उतरतो आणि कणीक गुळगुळीत व्हायला लागते.

हा शब्द परका वाटत असेल तर ‘ये, प्रभू येशू’ घ्या. मात्र लांब प्रार्थना नको. लांब प्रार्थनेला अर्थ सांभाळावा लागतो आणि हात मंदावतात.

तपासणी: लिंबाएवढा गोळा तोडा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. खिडकीसमोर धरल्यावर उजेड आरपार दिसेल इतका पातळ पडदा व्हायला हवा. लगेच फाटला तर आणखी तीन मिनिटं. गव्हाच्या पिठाचे कोंड्याचे ठिपके त्यात दिसतात, ते असायचेच.

लहान मुलं उठली असतील तर त्यांना गप्प बसवू नका. एकेकाला पेढ्याएवढी कणीक द्या. त्यांनी तिचं काहीही करावं, ते टिनाच्या बाजूला भाजून निघतं. शांतता तुमची आहे, ती घरावर लादायची नाही.

## टप्पा ५: पहिलं फुगणं

कणकेचा गोळा तेल लावलेल्या भांड्यात ठेवा, पंच्याने झाका. पुण्याच्या थंडीत दीड तास, वसईत तास-सव्वातास. घड्याळापेक्षा आकार बघा: दुप्पट होणं महत्त्वाचं. भांडं सरळ उभ्या बाजूंचं असेल तर बाहेरून रबरबँड लावून ठेवा म्हणजे कळतं.

पहिली पंधरा मिनिटं भांडी घासा, ओटा पुसा, पिठाचे ठसे काढा. हे सावकाश करा. ओल्या कपड्याने पसारा आवरत जाणं हीच दुसऱ्या आठवड्याची ओळ आहे, मार्ग सिद्ध करण्याची, आणि मला ती हातात फडकं असताना जेवढी कळली तेवढी बसून कळली नाही. उरलेल्या वेळात वीसेक मिनिटं बसा. मग चहा करा, घरच्यांशी बोला, वर्तमानपत्र वाचा. दीड तास सलग ध्यानात बसण्याचा आग्रह धरणाऱ्या दुसऱ्या आठवड्यात थकतात आणि तिसऱ्यात सोडून देतात.

तपासणी: बोटाला पीठ लावून कणकेत पहिल्या पेरापर्यंत घाला. खळगा सावकाश आणि अर्धाच भरून आला तर तयार. झटकन भरला तर अजून वेळ द्या. भरलाच नाही आणि कणीक सुस्कारा सोडून बसली तर उशीर झाला. तिला लगेच दुमडून आकार द्या आणि दुसरं फुगणं अर्ध्या वेळात आटपा.

वीज गेली तर? या टप्प्यावर कणकेला काही होत नाही. फक्त ओव्हनची वेळ गाठता येणार नसेल तर भांडं झाकून फ्रिजमध्ये ठेवा. बंद फ्रिजसुद्धा दोन तास गार राहतो.

## टप्पा ६: आकार आणि दुसरं फुगणं

ओट्यावर कणीक काढा, तळहाताने थापून टिनाच्या लांबीएवढा आयत करा. मोठे बुडबुडे फुटू द्या. आपल्याकडून पलीकडे घट्ट गुंडाळत न्या, शेवटची कड चिमटून बंद करा आणि ती बाजू खाली ठेवून टिनात घाला. सैल गुंडाळलं तर पावाच्या मधोमध भुयार राहतं.

पंचा टाका. थंडीत पाऊण ते एक तास, उबदार जागी चाळीस मिनिटं. पाव टिनाच्या काठाच्या बोटभर वर आला की तो भाजायचा. ओव्हन २०० अंशांवर, दोन्ही कॉइल चालू, वीस मिनिटं आधीच तापवायला ठेवा. ‘थोडा अजून फुगू दे’ म्हणून थांबलेले पाव ओव्हनमध्ये खचतात.

## टप्पा ७: भाजणं आणि नावं

टिन खालच्या जाळीवर ठेवा. २०० अंशांवर पंधरा मिनिटं, मग १८० वर वीस ते पंचवीस. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास वरून काळपट व्हायला लागला तर फॉइल हलकेच वर टाका. पहिली वीस मिनिटं दार उघडायचं नाही. भाजताना वीज गेली तर दार बंदच ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत आली तर पाव वाचतो, फक्त वेळ थोडा वाढवा.

ओव्हन नसेल तर माप अर्धं करून गोल डब्यात घाला आणि कुकरमध्ये भाजा: शिट्टी आणि रिंग काढलेली, तळाशी मिठाचा थर आणि त्यावर जाळी, पाण्याचा थेंब नाही, दहा मिनिटं आधी तापवलेला, मग मंद आचेवर चाळीसेक मिनिटं. वरून पांढराच राहतो. तव्यावर मिनिटभर उलटा ठेवला की रंग येतो.

भाजण्याची वेळ ही दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायची. ओव्हनच्या काचेसमोर पाट घेऊन बसा. एकेक नाव घ्या आणि पुढे काही मागू नका, नुसतं नाव आणि थोडी शांतता. आजारी, भांडलेले, परदेशात गेलेले, या वर्षी वारलेले. वीस मिनिटांनी घरात वास भरतो आणि आतून कुणीतरी विचारतं, ‘आई, झाला का?’ त्या व्यक्तीचंही नाव घ्या.

तपासणी: टिनातून काढून पाव उलटा करा आणि बुडावर बोटाच्या पेराने वाजवा. पोकळ आवाज हवा. थर्मामीटर असेल तर मधोमध ९३ ते ९६ अंश सेल्सिअस. बाजू मऊ आणि ओलसर वाटल्या तर टिनाशिवाय पाच-सात मिनिटं पुन्हा आत.

## टप्पा ८: न कापणं

टिनातून लगेच काढा, जाळीवर ठेवा. टिनातच राहिला तर वाफेने बूड ओलं होतं. गरम पाव कापला तर सुरीला चिकटतो आणि आतून लगदा होतो. वरून कडक दिसला तरी आत तो अजून शिजतच असतो. किमान दोन तास, आणि या चार आठवड्यांत रविवारपर्यंत.

जाळीशी उभं राहून दोन मिनिटं कान द्या. ओव्हनमधून गार हवेत आलेलं कवच बारीक तडतडतं. कधी ऐकूच येत नाही, तेही चालतं.

पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे तीन तासांनी, कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. प्लास्टिकमध्ये गरम ठेवलात तर दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास येईल. रविवारी चर्चहून आल्यावर कापा. अर्धा घरात, अर्धा दाराबाहेर. कोणाला द्यायचा ते भाजताना घेतलेल्या नावांतूनच ठरवा. एकट्या राहणाऱ्या शेजारच्या आजींना पाव देताना दारातून परत फिरू नका, दहा मिनिटं बसा. प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची’ भाकर मागितलेली आहे.

## चार आठवड्यांत बदल कुठे?

कणकेत बदल एकदाच, तिसऱ्या आठवड्यात. तो आनंदाचा रविवार, गुलाबी मेणबत्तीचा. आकार देताना आयतावर ६० ग्रॅम मनुका पसरा आणि गुंडाळा. आधी पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून, कापडावर पूर्ण कोरड्या करून घ्या. ओल्या मनुकांभोवती कणीक कच्ची राहते. वर आलेल्या मनुका आत दाबा, नाहीतर जळून कडू होतात. एवढंच. दालचिनी, टूटीफ्रूटी, क्रीम हे सगळं नाताळला आहे.

चौथ्या आठवड्यात पुन्हा साधा पाव. काही जणींना ही उतरण खटकते. पण मनुकांनंतरचा साधा पाव जीभ वेगळ्या तऱ्हेने चाखते. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचं घर’ असा आहे, आणि त्या शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात मला दुसरं काही सजवावंसं वाटत नाही.

## पाव बिघडला तर

बिघडेल, चारातला एखादा तरी. तो आध्यात्मिक खूण म्हणून वाचू नका. बसका पाव म्हणजे जास्त फुगलेली कणीक, भुयार म्हणजे सैल गुंडाळणं, जड तळ म्हणजे कमी तापलेला ओव्हन, फिकटपणा म्हणजे बहुधा मीठ घालायचं राहिलेलं. वहीत दोन ओळी लिहा: एकीत वेळ, थंडी आणि काय झालं, दुसरीत वीस मिनिटांच्या थांब्यात जे मनात आलं ते. त्या दोन ओळींचा एकमेकींशी संबंध लावू नका. बिघडलेला पावही रविवारी कापा, भाजून तूप लावून खा. त्यातला अर्धा दाराबाहेर जाईलच असं नाही. त्या आठवड्यात शेजारी नुसतं भेटायला जा.

आणि एखादा शनिवार चुकला, पाहुणे आले, ताप आला, तर पुढच्या शनिवारी दोन पाव करू नका. चुकलेल्या आठवड्याची ओळही भरून काढू नका. त्या आठवड्याची मेणबत्ती लावा, त्या आठवड्याची ओळ घ्या आणि शुक्रवारी रात्री साडेनऊला पीठ काढा.